रुंद पडद्यावरचे शुक्रवार

विनयदादा मस्कतला गेला आणि आमच्या घरातला सणाचा वार बदलला. तोवर तो मान रविवारचा होता. अण्णांचं कोर्ट बंद, माझं कॉलेज बंद, आई न्हाऊन मोकळ्या केसांनी गॅलरीत बसलेली, आणि दुपारी पोळ्यांऐवजी पुऱ्या. दादा गेला तसं सुट्टी सोडून बाकी सगळं आपोआप शुक्रवारवर सरकलं, कारण तिकडे सुट्टी शुक्रवारची. आमच्याकडे दुपार कलायला लागली की तिकडे त्याचं जेवण उरकलेलं असायचं आणि तो एका दोस्ताच्या खोलीवर जाऊन त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसायचा. इकडे आई त्याच्या कितीतरी आधी तोंड धुऊन, साडी बदलून, कुंकू ठीक करून तयार. कुणी पाहुणा दारात येणार असावा तशी. सकाळी केलेले धपाटे ताटलीत मांडून ती कॅमेऱ्यापुढे धरायची आणि दादा तिकडून म्हणायचा, "आई, वास यायलाय बघ इथपर्यंत." आता फोन हातात असतो आणि दादाची मुलं दिवसातून दोनदा दिसतात. मी भांडी घासता घासता त्यांच्याशी बोलते. त्यासाठी साडी बदलावी असं मला कधी वाटलं नाही, आणि त्याचं वाईट मात्र वाटतं.

आमचं घर मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर होतं. पहाटे घोड्यांना फिरवायचे तेव्हा टापांचा आवाज झोपेत ऐकू यायचा. शर्यतीच्या दिवशी सगळ्या लोकांचा ओरडा एकदम उठायचा आणि एकदम बसायचा, आणि आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "बुडाला कुणीतरी." शुक्रवारी मशिदीतला खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, लाउडस्पीकरवरून यायचा, सगळं संपलं की गल्लीत स्कूटरींची गर्दी व्हायची, मग तासाभराची शांतता. त्या शांततेत आम्ही कॉम्प्युटर चालू करायचो. तो मधल्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी ठेवलेला असायचा. दादानंच तो जुळवला होता. आबिड्सच्या दुकानांतून एकेक भाग आणून, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून, आठवडाभर तो त्यात डोकं घालून बसला होता. त्याला यंत्रं आवडायची. अण्णांना त्याचा हा नादच मंजूर नव्हता. आजोबा निजामाच्या वेळी महसूल खात्यात होते, अण्णा दिवाणी कोर्टात वकील, काका शाळेत शिकवायला. आमच्या घरात माणसं कागदावर काम करायची. दादानं एलएल. बी.चा फॉर्म भरला नाही, एअर कंडिशनिंगचा डिप्लोमा केला आणि वर मस्कतची नोकरी धरली, हे अण्णांना अंगावर आल्यासारखं झालं.

तो निघाला त्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. दादा पाया पडायला वाकला तेव्हा अण्णांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. म्हणाले, "चाललास ना तुझ्या मर्जीनं, मग तिथलं रडगाणं घेऊन वापस माझ्या दारात यायचं नाही." दादा म्हणाला, "नाही येणार, अण्णा." एवढंच. आईनं त्याच्या हातावर दही घातलं, तो जिना उतरून गेला. त्यानंतर अण्णा कधी कॉम्प्युटरच्या खोलीत आले नाहीत. शुक्रवारी ते कोर्टातून लवकर येऊन समोरच्या खोलीत फाईल उघडून बसत, मधला दरवाजा अर्धा उघडा ठेवून. कधीकधी तिथूनच म्हणत, "मंजू, आवाज जरा वाढव. तुझ्या आईला ऐकू येत नसेल." आईचे कान शेवटपर्यंत उत्तम होते.

पहिल्या वर्षी तो जुना मॉनिटर होता, पाठीवर मोठं पोक असलेला. चालू केला की थरथरायचा, मग दोनतीनदा थोपटला की स्थिर व्हायचा. पुढे तो अंधारत गेला. दादाचा चेहरा आधी पिवळसर, मग तपकिरी, मग संध्याकाळी खिडकीत उभ्या असलेल्या माणसासारखा, नुसती कडा दिसावी असा झाला. आई पडद्याला नाक लावून बघायची. त्या उन्हाळ्यात विजेचं येणंजाणं फार चाललं होतं. एका दुपारी काहीतरी फट्कन वाजलं, जळल्याचा वास आला आणि मॉनिटर गेला. पुढचे बरेच शुक्रवार आम्हाला फोनवरच भागवावे लागले. फोनवर दादा लवकर आवरतं घ्यायचा. "सगळं ठीक आहे, गर्मी लई आहे, काम आहे," एवढं बोलून ठेवायचा. आई रिसीव्हर जागेवर ठेवून त्याच्याकडे बघत बसायची.

एक दिवस अण्णा कोर्टातून आले आणि टोपी खुंटीला लावता लावता मला म्हणाले, "चल, आबिड्सला जाऊ. तो डबा आणायचाय ना." दुकानात ते आत आले नाहीत, बाहेर सावलीला उभे राहिले. मी दोन मॉनिटर पसंत करून विचारायला आले तर म्हणाले, "मोठा घे. तुझ्या आईला बघायला बरं." तर तो मोठा, चपटा, रुंद मॉनिटर रिक्षात मांडीवर धरून आम्ही घरी आणला. जुन्याची वायर काढली तिथेच मी नव्याची लावली, आणि तो एका झटक्यात चालू झाला. उजेड तर एवढा की खोलीतला दिवा लावायची गरज नव्हती. फक्त सगळं जरा पसरट दिसत होतं. अक्षरं बसकी, आणि पडद्यावरचा गणपती जास्तच बाळसेदार. मला वाटलं, मोठा पडदा म्हणजे असंच असणार.

त्या शुक्रवारी दादा दिसला आणि आईनं माझा हात दाबला. "गाल आले गं लेकराला," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं त्याला, "विनू, बरं खायला भेटायलंय वाटतं तिकडं? चांगला भरलास की."

दादा क्षणभर गप्प राहिला. आवाज पोचायला तसाही वेळ लागायचा, त्यामुळे आम्हाला काही वाटलं नाही. मग तो हसला. "हौ आई. नवीन मेस लागली. लई चांगलं करतात."

"तेलकट जास्ती खाऊ नको मात्र."

"नाही खात."

कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आम्ही दोघी दिसायचो. आई तिकडे बघून म्हणाली, "मंजू, मीबी एवढी सुटले का गं?" मीही स्वतःकडे बघून जरा दचकलेच होते. त्या दिवसापासून आईनं रात्रीचा भात सोडला. दादाच्या बाबतीत मात्र तिचा आनंद घरात मावेना. खालच्या मजल्यावर सांगून झालं, भाजीवालीला तेलुगूत सांगून झालं, नांदेडला मावशीला पत्र गेलं. रात्री जेवताना अण्णांना ऐकू जाईल असं ती मला म्हणाली, "तिकडचं हवापाणी मानवलं त्याला." अण्णांनी ताटातून मान वर केली नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "मानवलं म्हणायचं मग," आणि त्यांनी आपण होऊन आमटी वाढून घेतली. ते चारपाच आठवडे आमच्या घरात मोठे सुखाचे गेले. खोट्यावर उभं होतं ते सुख, हे आता कळतं, तरी त्या दुपारी आठवल्या की माझं मन तिथेच जाऊन बसतं. आई पडद्यासमोर हसते आहे आणि शेजारच्या खोलीत अण्णांच्या फाईलचं पान उलटल्याचा आवाज येत नाही, कारण ते वाचत नाहीयेत, ऐकत आहेत.

मी तेव्हा बँकेच्या परीक्षेसाठी दिलसुखनगरला क्लासला जायची. तिथली माझी मैत्रीण फरहाना एका गुरुवारी नोट्स न्यायला घरी आली. कॉम्प्युटर चालू होता. ती चहाचा कप हातात धरून पडद्याकडे बघत राहिली. "मंजू, ये तेरा गणपती ऐसा चपटा कायकू है?"

मी सांगितलं की मॉनिटर मोठा आहे म्हणून.

"बड़े का क्या है उसमें. मॉनिटर बदला तो सेटिंग भी बदलना पड़ता ना. जुनी सेटिंग को ये खींच के भर दिया." तिच्या घरी, तिच्या भावाच्या कॉम्प्युटरवर असंच झालं होतं. तिला बस पकडायची होती, म्हणून जाता जाता जिन्यातूनच तिनं मला सांगितलं, कुठलं बटण दाबायचं, कुठली पट्टी कुठवर सरकवायची.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी आई स्वयंपाकात होती तेव्हा मी ते करायला बसले. फरहानानं सांगितल्याप्रमाणे रिझोल्यूशनची पट्टी सापडली. ती उजवीकडे ओढत नेली, आणि 'अप्लाय' दाबलं. पडदा एकदम काळा झाला. मला वाटलं, आता हाही गेला, दुपारी आईला काय सांगू. तेवढ्यात तो उजळला. अक्षरं बारीक, रेखीव, काळीभोर. गणपती आपल्या मूळ बांध्याचा. मध्ये एक छोटी चौकट विचारत होती, हेच ठेवायचं का. मी 'हो' दाबलं आणि आईला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली. मी कॅमेरा लावून तिला तिचा चेहरा दाखवला. "बघ, तू जाड झालेलीच नव्हतीस."

आई खूप हसली. "म्हणजे मी उगीच भात सोडला," म्हणाली, आणि परत पुऱ्या लाटायला गेली. त्या क्षणी तिच्या मनात पुढचं आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

दुपारी दादा आला. पडद्यावर जो दिसला त्याला मी रस्त्यात बघितलं असतं तर ओळखलं असतं की नाही, सांगता येत नाही. गालाची हाडं वर आलेली, मान शर्टाच्या कॉलरमध्ये सैल उभी, डोळे खोल आणि कसल्याशा पिवळट पाण्यात ठेवल्यासारखे. तो नेहमीसारखं म्हणाला, "आई, जेवलीस का?"

आई उत्तर न देता माझ्याकडे वळली. "आज हा असा का दिसायलाय? तू सकाळी त्यात काय केलंस? बिघडलं ते."

मी म्हणाले, "आई, बिघडलेलं आधी होतं. आज बरोबर आहे."

"पहिल्यासारखं कर."

"आई—"

"कर म्हणते ना."

मी पट्टी डावीकडे ओढली. काळोख झाला, मग उजेड, आणि दादाचा चेहरा पसरला, गाल भरले. तोच चेहरा, तेच डोळे. पण आता आम्हाला दिसत होतं की त्याच्या मागची खिडकीही पसरली आहे, भिंतीवरचं गोल घड्याळही लांबट झालं आहे. आई त्याच्याकडे बघत राहिली. मध्ये तीच चौकट विचारत होती, हेच ठेवायचं का. मी काहीच दाबलं नाही. थोड्या वेळानं पडदा आपणहून परत काळा झाला आणि दादा पुन्हा वाळला.

"काय करायलात तुम्ही?" तिकडून दादा विचारत होता.

आईनं खुर्ची पुढे ओढली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती विचारावं तसा. "विनू, उठून उभा राहा. जरा मागं सर. मला दिसू दे."

"कायकू?"

"सर म्हणते ना."

तो उभा राहिला. शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

"मनगट दाखव."

त्यानं हात वर केला तसं घड्याळ कोपराकडे घसरलं.

"काय झालंय तुला?"

तो खाली बसला. आधी म्हणाला, गर्मीनं. मग म्हणाला, कावीळ झाली होती, आता बरी आहे. आई एकेक प्रश्न विचारत गेली आणि तो एकेक सांगत गेला. कावीळ झाली ती आमचा मॉनिटर बंद होता तेव्हा. काही दिवस दवाखान्यात होता. पुरता बरा व्हायच्या आतच कामावर गेला, कारण कामावर नसलेल्या माणसाला कंपनी खोलीत ठेवत नव्हती. काम म्हणजे छपरांवर चढून मशीन दुरुस्त करायची, भर उन्हात. उलट्या अजून थांबल्या नव्हत्या. मेस नव्हतीच. एका तांदळाच्या कुकरवर तो आणि तो कॉम्प्युटरवाला दोस्त भागवत होते.

"मग मी गाल आले म्हणत होते तेव्हा का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, तुला सगळं दिसायलंय," दादा म्हणाला. "दिसूनबी माझं मन राखायला तसं बोलायलीस. म्हणून मीबी हौ म्हटलं."

आईनं तोंडाला पदर लावला. रडली नाही. म्हणाली, "निघून ये."

"नाही आई. मी अण्णांना शब्द दिलाय."

दरवाजा पूर्ण उघडल्याचा आवाज मी ऐकला. अण्णा आत आले. त्यांना कुठे उभं राहायचं ते कळेना. ते शिलाई मशीनला धरून थांबले, मग आईच्या खुर्चीमागे आले, वाकले, आणि पडद्यावरच्या मुलाकडे बघितलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा. कॅमेरा वर होता हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे तिकडे दादाला ते मान खाली घालून बोलताहेत असंच दिसलं असणार.

"विनय, ऐकायलास का?"

"हौ अण्णा." दादा खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

"तिथलं सामान बांध. तिकीट इथून पाठवतो."

"अण्णा, त्या दिवशी तुम्हीच बोललात, वापस—"

"बोललो. तेव्हा ते बोललो, आता हे बोलायलोय. नंतरचा हुकूम निघाला की आधीचा रद्द होतो. इतका कायदा तुला समजायला कॉलेजात जायची गरज नाही."

दादानं हात पुढे केला आणि कॅमेऱ्यावर ठेवला. आमचा पडदा काळा झाला. आवाज मात्र चालू राहिला. मी स्पीकर बंद करायला हात पुढे नेला, पण अण्णांनी माझा हात धरला. आम्ही तिघं त्या काळ्या पडद्यासमोर, तिकडचं रडणं थांबेपर्यंत, तसेच थांबलो.

त्याला आणायला अण्णा एकटेच विमानतळावर गेले. येताना वाटेत काय बोलले, दोघांपैकी कुणी कधी सांगितलं नाही. दादा जिना चढला तो मध्ये दोनदा थांबून, आणि त्याची बॅग अण्णांच्या हातात होती. आईनं दारातच त्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढचे काही महिने तो गॅलरीतल्या खाटेवर पडून असायचा. मऊ भात, ताक, मुगाचं पाणी, उसाचा रस. तेल नाही, मिरची नाही. डॉक्टरांचा शब्द अण्णा कोर्टाच्या आदेशासारखा पाळायचे, घरात फोडणीचा वास आला तरी रागवायचे, म्हणून आम्हीही सगळे तेच बेचव अन्न खायचो. अण्णा कोर्टात उशिरा जायला लागले होते. पहाटे घोड्यांच्या टापा वाजल्या की खाटेशेजारी खुर्ची ओढून बसायचे, दादाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आणि दादा ऐकता ऐकता झोपला तरी वाचत राहायचे.

नंतर दादा धडधाकट झाला, कामाला लागला, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. मी परीक्षा पास झाले, माझीही बदल्यांची नोकरी सुरू झाली. आधी अण्णा गेले, मग आई. घर आम्ही दोघांनी मिळून विकलं, आणि त्यानंतर मी त्या गल्लीत गेले नाही. लोक म्हणतात, लहानपण परत यावं. मला ते नको. मला ते काही महिने हवेत. एक माणूस आजारी, तीन माणसं अळणी जेवणारी, आणि कुणालाही कुठे जायचं नाही.

एका संध्याकाळी दादा खाटेवर उठून बसला आणि आईला म्हणाला, "आई, अंबाडीची भाजी कर ना. लसणाची फोडणी दे चांगली. मिरची घाल."

आई मोरीशी उभी होती. तिनं मागे वळून बघितलं, मग अण्णांकडे बघितलं. इतक्या दिवसांत त्यानं आपण होऊन काही मागितलं नव्हतं. अण्णा उठले, चपला घातल्या आणि पिशवी घेऊन खाली उतरले. आई भांडं हातात धरून तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पहिल्यांदाच. दादा म्हणाला, "अगं, नसली तर राहू दे," तशी ती आणखीच रडायला लागली.

अण्णा आले तेव्हा पिशवी भरून वर काखेतही जुड्या होत्या. बाजारात होती तेवढी अंबाडी उचलून आणल्यासारखी. त्यांनी ती सगळी गॅलरीत ओतली. आईनं डोळे पुसले. "एवढी कशाला आणली? कोण खाणार?"

अण्णा खाली बसले, एक जुडी सोडली आणि पानं खुडायला लागले. हे काम त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, देठासकट खुडत होते.

"लागेल," ते म्हणाले. "चौघं आहोत."